वीस तबकड्यांची चवड

खेळ तसा साधा. मोकळं मैदान, मध्ये झाडं, आणि लांबवर खांबाला साखळ्या लटकवलेली एक लोखंडी टोपली. हातातली प्लॅस्टिकची तबकडी फेकत फेकत त्या टोपलीपर्यंत न्यायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. गोल्फचाच धाकटा भाऊ म्हणा, फक्त काठी आणि चेंडू नाही. आमचा कारखाना या तबकड्या बनवतो आणि त्यांचे आकार मी ठरवतो. लोकांना सांगितलं की हसतात. माझ्या सासऱ्यांनी तर लग्न ठरताना दोनदा विचारून घेतलं होतं, "म्हणजे जावई नेमकं करतात काय?"

या तबकड्यांत सगळ्यात मानाची ती लांब पल्ल्याची, तिला ड्रायव्हर म्हणतात. कड रुंद, धारेकडे निमुळती होत गेलेली, वारा कापत जाणारी. कारखान्याची इज्जत तिच्यावर ठरते. आणि माझी इज्जत त्या वर्षी फार काही शिल्लक नव्हती. आधीचा ड्रायव्हर मीच काढला होता. जाहिरातीत तो वाऱ्याला चिरत जायचा, मैदानावर मात्र पन्नास पावलांवर धपकन बसायचा. खेळाडूंनी त्याचं नाव ठेवलं 'झाकण'. ते नाव कारखान्यातही पोचलं. गोदामात गेलो की त्या न विकलेल्या खोक्यांकडे पाठ करून उभा राहायची मला सवय लागली होती.

तरीही मालकीणबाईंनी पुढचा ड्रायव्हर माझ्याकडेच दिला. एवढंच म्हणाल्या, "या वेळी सावकाश करा."

मी सावकाश केला. अकरा महिने लागले. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर, मग हाताने घासून काढलेले नमुने. कडेचा उतार केसाइतका बदलायचा आणि मैदानावर जायचं. तिथे आमचा चॅम्पियन फेकायचा. तो पंचविशीतला मुलगा, उंच, खांद्यात घोड्याची ताकद आणि बोलायला अगदी मऊ. तो फेकणार आणि मी मागे वही घेऊन उभा. तबकडी किती लांब गेली, आधी उजवीकडे किती झुकली, शेवटी डावीकडे किती वळून बसली. एकतिसाव्या नमुन्याला तो काही बोललाच नाही. नुसता जाऊन तबकडी उचलून आणली, पुन्हा फेकली, पुन्हा आणली. तेव्हा मला कळलं की जमलं.

पोलादी साचा तयार झाला. खेळाच्या संघटनेच्या तपासणीला नमुने गेले. कड फार धारदार नाही ना, वजन जास्त नाही ना, वाकवली तर वाकते ना, हे सगळं बघून त्यांनी मंजुरी दिली. नाव ठरलं 'ससाणा'. पाठीवर चॅम्पियनची सही छापायची होती. आमच्या जाहिरातवाल्याने तर कमाल केली होती. त्याने आधी बिननावाच्या पांढऱ्या तबकड्या निवडक खेळाडूंना वाटल्या आणि सांगितलं, विचारलं तर काही बोलू नका. मग काय, ज्याला त्याला तेच विचारायचं होतं. आठवडाभराने एक छोटी चित्रफीत आली, नुसती तबकडी, आभाळ आणि वाऱ्याचा आवाज. शेवटी तारीख. मागणी अंदाजाच्या दुपटीने आली.

आणि तिथे मी चूक केली.

तबकडी साच्यात वितळलेल्या प्लॅस्टिकची बनते, आणि साचा उघडायच्या आधी ती थोडा वेळ निववावी लागते. यंत्र एकच, मागणी दुप्पट, तारीख तोंडावर. मी यंत्रावरच्या दादाला म्हटलं, "निववायची वेळ आठ सेकंदांनी कमी कर."

दादा म्हणाला, "साहेब, गरम बाहेर काढली तर नंतर अंग चोरेल."

"आठ सेकंदांनी काय होतंय?"

त्याने खांदे उडवले आणि बटण फिरवलं. मी पहिल्या दहा तबकड्या मापून पाहिल्या. माप बरोबर. पण त्या अजून कोमट होत्या, आणि ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही कळली असती. मला कळली नाही, कारण मला कळून घ्यायची नव्हती.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू वजनकाट्यावर बसत. प्रत्येक तबकडी काट्यावर ठेवायची, ग्रॅम बघायचे आणि त्या वजनाच्या कप्प्यात टाकायची. एकोणीस वर्षं हेच काम. शेजारच्या टेबलावर त्यांची सून, ती तबकड्यांवर नाव आणि चित्र छापायची. काकूंचा मुलगा दूर बोटीवर नोकरीला, यजमान केव्हाच गेलेले, घरात या दोघीच. आणि दोघींचं दिवसभर भांडण. सून म्हणायची, "अहो आई, त्र्याहत्तर वेळा सांगितलं तुम्हाला, डबा वेळेवर खात जा." काकू तबकडी कप्प्यात टाकत म्हणायच्या, "तू मला शिकवू नकोस." की लगेच सून, "बहात्तर वेळा सांगितलं, पंख्याखाली बसू नका." सगळा कारखाना म्हणायचा, कामात चोख पण घरी दोघींमध्ये विस्तव जात नसेल.

तारखेला दहा दिवस होते. सकाळी मी माझ्या खोलीत असताना दारात काकू उभ्या दिसल्या. एकोणीस वर्षांत त्या माझ्या खोलीत कधी आल्या नव्हत्या.

"साहेब, ससाण्याचं काहीतरी बिनसलंय."

"वजन चुकतंय का?"

"वजन बरोबर आहे."

"मग?"

"चवड उंच झालीय."

मी त्यांच्यामागे गेलो. काकू वीस वीस तबकड्यांची चवड रचून फळीखाली सरकवत. त्यांनी माझा हात धरला आणि चवडीच्या वर, फळीच्या खाली ठेवला. "आधी इथे माझी दोन बोटं आडवी जायची. आता एकच जातं. आणि वरून हात फिरवा, पाठ फुगलीय."

मी हात फिरवला. मला काही फुगलेलं लागलं नाही. माझ्या हाताला एकोणीस वर्षांची सवय नव्हती. "काकू," मी म्हणालो, "मी मापून पाहिल्यात. तुम्ही वजन तेवढं बघा."

असं बोलल्यावर माणसाला स्वतःलाच आपला आवाज ओळखू येत नाही. मी खोलीत परत आलो, आणि दिवसभर त्या टेबलाकडे फिरकलो नाही. भीती वाटत होती. दुसरं झाकण निघालं तर काय, ही भीती. आणि भ्यालेला माणूस मापायची पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून देतो.

दुसऱ्या दिवशी काकूंनी काम थांबवलं. आरडाओरडा नाही, काही नाही. नुसत्या हात मांडीवर ठेवून बसल्या. यंत्रातून तबकड्या येत होत्या, ट्रे भरत होते, भरलेल्या ट्रेंवर ट्रे चढत होते. तासाभरात बाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. मला, यंत्रावरच्या दादाला, जाहिरातवाल्याला, काकूंना. सून बोलावणं नसताना मागोमाग आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

बाई साठीच्या. कारखाना त्यांनी स्वतः उभा केलेला, त्यामुळे बोलणं मोजकं. "काकू, का थांबलात?"

काकूंनी चवडीचं सांगितलं.

"नुसत्या हाताच्या अंदाजावर एवढं काम थांबवायचं?"

काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी घातली आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. "बाई, माझा सगळा कारभारच हातावर आहे. दीड वर्ष झालं, मला काट्यावरचे आकडे दिसत नाहीत. हा चष्मा नुसता शोभेला."

"मग वजनं?" बाईंनी विचारलं.

दारातून सून म्हणाली, "मी सांगते. शंभराच्या पुढचा आकडा तेवढा. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर."

मला ते सगळं भांडण आठवायला लागलं. त्र्याहत्तर वेळा सांगितलं, एकाहत्तर वेळा सांगितलं. दादाच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं आणि जाहिरातवाल्याने हसू दाबायला तोंडावर हात नेला. सुनेचा चेहरा मात्र रडवेला झाला होता. "त्यांना काढू नका, बाई. एकही वजन चुकलेलं नाही. चूक माझीही आहे."

"तू गप्प बस गं," काकू म्हणाल्या. मग बाईंकडे, म्हणजे बाईंचा आवाज आला होता त्या दिशेला वळून त्या म्हणाल्या, "माझ्या आधी काट्यावर बसायच्या त्या माणसाचे डोळे गेले तर त्याला गोदामात टाकलं होतं. तिथे दिवसभर एकटा बसायचा तो. मला सुनेशेजारची जागा सोडायची नव्हती, म्हणून लपवलं. आजही लपवलं असतं. पण मी नुसतं म्हटलं हाताला लागतंय, तर साहेबांना पटलं नाही. कसं पटावं? डोळस माणूस हातावर कशाला विसंबेल? म्हटलं, आता खरं काय ते सांगूनच टाकावं."

काकू एका प्लॅस्टिकच्या तबकडीसाठी आपली जागा पणाला लावत होत्या. तबकडी तर माझी होती. मी म्हणालो, "बाई, निववायची वेळ मी कमी करायला लावली. आठ सेकंद. दादा नको म्हणत होता. आणि कोमट असतानाच मापलं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं मी त्याच्यावर ढकलणार. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं आणि लाज वाटली.

बाई उठल्या. "चॅम्पियनला बोलवा. मैदानावर चला."

तो दुपारी आला. मी नव्या खेपेतल्या सहा तबकड्या त्याच्या हातात दिल्या, काही न सांगता. पहिली त्याने नेहमीच्या जोराने फेकली. ती सुटली झकास, मग उजवीकडे झुकली, आणखी झुकली, आणि परत फिरलीच नाही. थेट झाडांत. दुसरी झाडांत. तिसरीही झाडांत. चौथी त्याने हातात फिरवून पाहिली आणि अंगठा तिच्या पाठीवरून नेला. "सर, ही माझी तबकडी नाही," तो हळूच म्हणाला. "ही फुगलीय. माझ्या हाताचा जोर हिला सोसत नाही."

जाहिरातवाला खाली गवतावर बसला. चार हजार तबकड्या तयार झाल्या होत्या.

बाई मात्र पुढे झाल्या आणि उरलेल्या दोनांपैकी एक उचलली. त्या दर रविवारी खेळायच्या, अगदी निष्ठेने, आणि अगदी वाईट. खांदा दुखरा, त्यामुळे फेक अर्ध्या मैदानावर संपायची. त्यांनी जोर न लावता हात फिरवला. तबकडी गेली, आणि खाली यायची वेळ झाली तरी आली नाही. ती तरंगत राहिली, जशी काही खालून कुणी तळवा धरलाय. मग सावकाश, सरळ रेषेत, पार पलीकडच्या बाकापाशी टेकली.

आम्ही सगळे बघत राहिलो. बाई स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. "मी इतकी लांब कधीच फेकली नाही," त्या म्हणाल्या. मग चॅम्पियनला विचारलं, "असं का?"

"पाठ फुगलीय म्हणून हवा धरते. माझ्यासारखा जोरात फेकणारा तिला उलटवतो. तुमच्यासारख्यांना ती उचलून नेते." मग त्याच्या लक्षात आलं की आपण मालकिणीला काय म्हणालो. "म्हणजे, हळू हातांना."

"कळलं मला," बाई म्हणाल्या, "आणि जगात माझ्यासारखेच जास्त आहेत."

पुढचं सगळं घाईने न करता झालं. निववायची वेळ पूर्ववत केली. ससाण्याची तारीख पाच आठवडे पुढे गेली. जाहिरातवाला रात्रभर काहीतरी गोलमाल वाक्यं लिहून आला होता. ती वाचून बाईंनी कागद परत दिला आणि म्हणाल्या, "जे झालं ते लिहा." त्याने लिहिलं की तबकडी घाईने काढली, ती बिघडली, आमच्या वजनकाट्यावरच्या बाईंनी हाताने ओळखली, आम्ही पुन्हा बनवतोय. मी ते वाचलं तेव्हा माझं नाव त्यात नव्हतं. मी त्याला म्हटलं, "घाई माझी होती, घाल नाव." तो म्हणाला, "साहेब, तुमचं एक झाकण पुरे झालं." नावावाचून ते छापलं गेलं. मागणी रद्द करणारे निघाले, पण बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी वाट पाहिली, आणि पुष्कळांनी काकूंची चौकशी केली.

त्या चार हजार तबकड्या दळायला जाणार होत्या. त्या गेल्या नाहीत. मी नव्याने संघटनेकडे नमुने पाठवले, वेगळी तबकडी म्हणून. मंजुरी आली. तबकडीच्या पाठीवर छापायचे चार आकडे, वेग, तरंगणं, वळण आणि शेवटचा कल, मी एकट्याने ठरवले नाहीत. बाईंच्या रविवारच्या मंडळींनी फेकून ठरवले. त्यांत एक निवृत्त पोस्टमन होता आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक गाणं शिकवणारी बाई. नाव सुनेने सुचवलं. 'घार.' "ती पंख हलवत नाही," ती म्हणाली, "तरी वर राहते."

घारीच्या चित्रफितीत चॅम्पियन होता, पण त्याने एकदाही फेकलं नाही. तो पुढे येऊन म्हणाला, "ही माझ्या हातासाठी नाही," आणि बाजूला झाला. मग पोस्टमन फेकतो, गाणंवाली फेकते, बाई फेकतात. एवढंच. दुसऱ्या कुणा खेळाडूने हे करायला नकार दिला असता. ससाणा चांगला खपला. घार दुप्पट खपली, आणि अजून खपते.

काकूंचं म्हणाल तर त्यांना मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. कारखान्याच्या विम्यातून ऑपरेशन होऊ शकतं, हे त्यांना एकोणीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मला ठाऊक होतं, पण कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. बाईंनी कागद स्वतः भरले. पहिल्या डोळ्याच्या वेळी सूनच होती. दुसऱ्या डोळ्याला सुनेला सर्दी झाली आणि डॉक्टरांनी तिला आत येऊ दिलं नाही, म्हणून मी गेलो.

पट्टी निघाली तेव्हा काकूंनी खोलीभर नजर फिरवली. खिडकी, पडदा, पाण्याचा तांब्या. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"साहेब, तुम्ही इतके पिकलात कधी?"

"हे ससाण्याचं काम."

त्या हसल्या. येताना मी मनाशी चार वाक्यं जुळवून आणली होती. पण आपल्या माणसासमोर आभार मानायला जावं तर जीभ अडखळते. पाहुण्यासारखं बोलतोय असं वाटायला लागतं. तरी मी म्हणालो, "काकू, त्या दिवशी मी तुम्हाला वजन तेवढं बघा म्हणालो होतो. तुम्ही ऐकलं नाहीत. फार उपकार झाले."

त्या पदराने नाही, डॉक्टरांनी दिलेल्या कापसाने डोळ्याची कड टिपत होत्या. "उपकार कसले. तुम्ही बाईंसमोर आपलं आपण कबूल केलंत, तेव्हाच मिटलं ते. मला भीती होती, दादाचं नाव घेता की काय."

"मलाही होती," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि ते मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोलत होतो.

डॉक्टरांनी जायला सांगितलं. जिना उतरताना मी हात पुढे केला. काकूंनी तो सवयीने धरला, दोन पायऱ्या उतरल्या आणि सोडून दिला. "दिसतंय मला," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला हात न लावता माझ्यापुढे उतरायला लागल्या. खाली रस्त्याच्या पलीकडे सून उभी होती, नाकाला रुमाल लावून, घरी थांबायला सांगितलेलं असताना. काकूंनी तिला एवढ्या लांबून ओळखलं. थांबल्या, आणि हात वर केला.